रेंडरवर लाइन ड्रॉइंग बसेना? फोटोशॉपमध्ये ओढाताण करण्याआधी हे तपासा

रेंडर म्हणजे मॉडेलवरून कॉम्प्युटरने काढलेलं खऱ्यासारखं चित्र. त्यावर त्याच मॉडेलचं लाइन ड्रॉइंग, म्हणजे नुसत्या कडांचं चित्र, ठेवलं की कडा ठसठशीत होतात. मटेरियल आणि उजेड रेंडरचा राहतो आणि चित्राला हाताने काढल्याचा थोडा बाज येतो. सगळं नीट असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे. पण सोलापुरात सात रस्त्याच्या बाजूला आमच्याकडे प्रिंटसाठी ज्या फायली येतात, त्यात सगळ्यात जास्त वेळा बिघडलेलं कामही हेच असतं. आर्किटेक्चर कॉलेजची ज्युरी (काम तपासणारी बैठक) असो की होटगी रोडवरच्या बंगल्याचं क्लायंटला दाखवायचं चित्र, तक्रार ठरलेली: "सर, लाइन बसेना."

बसेना म्हणजे नेमकं काय होतंय, ते आधी ओळखा. प्रत्येक लक्षणाचं मूळ वेगळ्या जागी असतं.

लक्षणं

- लाइनचा लेयर टाकला की रेंडर गायब, नुसता पांढरा कागद. किंवा आकाश दिसतं, पण इमारत पांढरीफटक.
- रेंडर दिसतं, पण सगळं मळकट आणि काळपट झालेलं.
- रेषांच्या कडेने करडे ठिपके, पुसले तरी राहतात.
- सगळ्या रेषा सारख्याच अंतराने एका बाजूला सरकलेल्या.
- मध्यभागी जुळतं, कडेला जाताजाता सुटतं.
- गेट जुळवलं की मागची टाकी सुटते, टाकी जुळवली की गेट सुटतं.
- काही रेषा तुटक दिसतात, झूम बदलला की परत येतात.
- जाळी, पत्रा, लूव्हर जिथे आहेत तिथे काळाकुट्ट पट्टा.
- स्क्रीनवर झकास, प्रिंटमध्ये रेषाच नाहीत.

वरची पहिली दोन लक्षणं आणि चौथं बहुतेक वेळा फोटोशॉपमध्येच मिटतात. तिसरं, पाचवं आणि सहावं बहुतेक वेळा फोटोशॉपच्या बाहेर, मॉडेलमधून फाइल काढताना जन्मलेली असतात. तरीही लोक ती फोटोशॉपमध्ये ओढून-ताणून बसवायला जातात आणि रात्र तिथेच जाते. म्हणून खालच्या क्रमानेच जा. आधीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही.

आधी झूम शंभर टक्के करा

कंट्रोल आणि १ दाबा. बास, एवढंच. ३३ टक्के झूमवर स्क्रीनचा एक ठिपका चित्रातल्या ३ बाय ३, म्हणजे ९ ठिपक्यांच्या जागी उभा असतो. त्यात एका पिक्सेलच्या रेषेच्या वाट्याला फार तर तिसरा हिस्सा येतो, म्हणून ती फिकी पडते किंवा तुटक दिसते. फायलीत रेषा धडधाकट असते. शंभर टक्क्यांवर अखंड दिसली तर दोष नाहीच, पुढे चला. ५० टक्केही बऱ्यापैकी खरं दाखवतं. ३३, ६६ अशा आकड्यांवर बघून निर्णय घेऊ नका.

शंभर टक्क्यांवरही रेषा तुटत असतील किंवा स्क्रीनवर काळे चौकोन येत असतील, तर एक पीएनजी काढून साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये उघडा. तिथे चित्र स्वच्छ असेल तर गडबड ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची आहे. फोटोशॉपच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरची टिकमार्क काढून बघा. त्यानेही फरक पडला नाही तर ते कॉम्प्युटरवाल्याचं काम, चित्राशी झटापट करू नका.

ब्लेंड मोड, आणि ग्रुपचाही

लाइनच्या लेयरचा ब्लेंड मोड मल्टिप्लाय हवा. हा मोड वरच्या आणि खालच्या रंगांचा ठिपक्यागणिक गुणाकार करतो. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०. एकाने गुणलं की रेंडर तसंच राहतं, शून्याने गुणलं की काळं होतं. म्हणून कागद नाहीसा होतो आणि रेषा उरते. लाइन वर आणि रेंडर खाली असा क्रम ठेवा. गुणाकारच तो, उलटं ठेवून वरच्या लेयरला मल्टिप्लाय दिलं तरी उत्तर तेच. पण पुढे रेंडरवर कर्व्ह्‌ज किंवा मास्क चालवायचे झाले की गोंधळ होतो.

ब्लेंड मोडची यादी फिकी दिसते आणि निवडताच येत नाही? मग लाइनचा लेयर 'बॅकग्राउंड' म्हणून कुलूपबंद असेल. त्यावर डबल क्लिक करून साधा लेयर करा.

"पण मी तर ट्रान्सपरंट पीएनजी काढलाय!" हे वाक्य पोरांकडून नेहमी ऐकू येतं. स्केचअपमधला (मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमधला) ट्रान्सपरंट बॅकग्राउंड फक्त मागचं आकाश काढतो. इमारतीच्या भिंती, छप्पर, जमीन हे सगळे पृष्ठभाग पांढरेच राहतात. म्हणून नॉर्मल मोडमध्ये आकाश दिसतं आणि इमारत पांढऱ्या पुठ्ठ्याची होते. अशा फायलीलाही मल्टिप्लायच लावा.

एक जागा हमखास सुटते. लाइनचा लेयर मल्टिप्लायवर आहे, तरी कागद पांढराच. अशा वेळी तो लेयर एखाद्या ग्रुपमध्ये आहे का बघा आणि त्या ग्रुपचा मोडही बघा. ग्रुप 'पास थ्रू'वर हवा. तो 'नॉर्मल' झाला की आतल्या लेयरचा गुणाकार ग्रुपच्या आतच अडकतो, खालच्या रेंडरपर्यंत पोचत नाही.

रात्रीच्या रेंडरवर काळ्या रेषा दिसणारच नाहीत. तिथे कंट्रोल आणि आय दाबून लाइनचे रंग उलटे करा आणि मोड 'स्क्रीन' ठेवा. रेषा पांढऱ्या येतात. यादीत 'स्क्रीन' किंवा 'ओव्हरले' सापडतच नसेल तर तुमची फाइल ३२ बिटची आहे. व्ही-रे या रेंडरच्या सॉफ्टवेअरमधून एक्झआर प्रकारची फाइल काढून थेट त्यावर काम सुरू केलं की असं होतं. रेंडरचा उजेड-अंधार ठरवून फाइल १६ बिटवर आणा, मगच लाइन टाका.

पांढरा खरोखर पांढरा आहे का?

रेंडर मळकट होत असेल तर इन्फो पॅनेल उघडा, एफ ८ ने उघडतं. लाइनच्या फाइलवर मोकळ्या जागी माउस फिरवा. तिन्ही आकडे २५५ हवेत. २४० आले तर २४० भागिले २५५ म्हणजे सुमारे ०.९४, आणि सगळं रेंडर इतक्याने गुणलं जातंय. भर उन्हातली पांढरी भिंतसुद्धा करडी होणार. सोलापूरच्या मे महिन्याचं ऊन दाखवायला तासन्‌तास सूर्याचा कोन बसवायचा आणि शेवटी कागदाच्या करड्या छटेने ते घालवायचं, हे फार होतं.

तात्पुरता उपाय म्हणजे लेव्हल्समधला उजवा सरकता काटा आत घ्या किंवा पांढऱ्या ड्रॉपरने कागदावर टिचकी मारा. फार आत घेऊ नका. रेषेच्या कडेला मुद्दाम ठेवलेले करडे पिक्सेल असतात, त्यांच्यामुळेच तिरकी रेषा गुळगुळीत दिसते. ते गेले की रेषेला पायऱ्या पडतात. पक्का उपाय स्केचअपमध्ये आहे. स्टाइल हिडन लाइन, बॅकग्राउंड शुद्ध पांढरा, आणि आकाश, फॉग, वॉटरमार्क बंद. सावलीही बंद, कारण सावली रेंडरमध्ये आधीच आहे आणि दोन सावल्यांचा गुणाकार झाला की खिडक्यांच्या खाली काळोख साचतो.

फाइल कुठल्या रस्त्याने आली?

रेषांच्या कडेचे करडे ठिपके म्हणजे जेपीजीचा कचरा. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून माहिती दाबतो. फोटोत ते खपतं, पण पांढऱ्यावर काळी रेषा अशा चित्रात चौकोनभर घाण पसरते. मल्टिप्लाय ती घाण इमानदारीने रेंडरवर उतरवतो. लाइन कायम पीएनजी किंवा टिफमध्ये काढा. रेंडरही शक्य असेल तर तसंच.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. फोटो म्हणून पाठवलं की फाइल लहान होते आणि पुन्हा दाबली जाते. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साइटवरून मोबाइलवर आलेलं लाइन ड्रॉइंग घेऊन ए१ शीट करायला कुणी आलं की मी आधी मूळ फाइल मागतो. ती नसेल तर काम घेत नाही.

पिक्सेलची मापं जुळवा

सगळ्या रेषा सारख्याच सरकल्या असतील तर बहुधा नुसतं ठेवताना चुकलंय. दोन्ही फायली वेगवेगळ्या उघडा आणि इमेज साइजमध्ये पिक्सेल बघा. इंच आणि सेंटिमीटर इथे कामाचे नाहीत, पिक्सेल बघा. रेंडर ३८४० बाय २१६० आणि लाइनही तेवढीच असेल तर शिफ्ट दाबून धरून लाइनचा लेयर रेंडरच्या खिडकीत ओढून सोडा. मापं सारखी असतील तर शिफ्टमुळे लेयर जागच्या जागी, पिक्सेलवर पिक्सेल बसतो. 'प्लेस'ने आणू नका. प्लेस करताना कॅनव्हासपेक्षा मोठं चित्र आपोआप लहान केलं जातं आणि ते कितीने झालं हे लक्षातही येत नाही.

मापं वेगळी असतील तर रुंदीला उंचीने भागा. ३८४० भागिले २१६० म्हणजे १.७८. लाइन ३८४० बाय २०१० निघाली असेल तर ते प्रमाण १.९१. प्रमाण वेगळं म्हणजे स्केचअपच्या खिडकीचा आकार आणि रेंडरच्या चौकटीचा आकार वेगळा होता. स्केचअप एक्स्पोर्ट करताना खिडकीचंच प्रमाण धरतं. बाजूला मटेरियलचा ट्रे उघडा असेल तर खिडकी अरुंद, बंद केला की रुंद. व्ही-रे आणि एनस्केप या रेंडरच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये 'सेफ फ्रेम' असते. ती चालू केली की रेंडरमध्ये नेमकं किती येणार ते खिडकीत दिसतं.

इथे लोक काय करतात? लाइन उभी-आडवी वेगवेगळी ताणतात. रुंदी जुळते, उंची जुळते, आणि गोल खिडकी अंडाकृती होते. एकाच बाजूने ताणणं पूर्ण वर्ज्य.

जवळचा बिंदू, दूरचा बिंदू

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. पाच मिनिटं लागतात आणि रात्र वाचते.

लाइनची ऑपॅसिटी ५० टक्के करा. चित्रात दोन ठळक बिंदू निवडा. एक कॅमेऱ्याच्या अगदी जवळचा, समजा कंपाउंडच्या गेटच्या खांबाचं टोक. दुसरा खूप मागचा, समजा मागच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा. आता कंट्रोल आणि टी दाबा, ऑल्ट धरून कोपरा ओढा, म्हणजे मध्यबिंदू जागेवर राहून चित्र लहान-मोठं होईल. प्रमाण बांधलेलं हवं. फोटोशॉपच्या २०१९ च्या आवृत्तीपासून नुसतं ओढलं की प्रमाण राखलं जातं आणि शिफ्ट धरलं की सुटतं. त्याआधी बरोबर उलट होतं. जुन्या सवयीचा हात शिफ्टवर जातो, सांभाळा.

आता तीनांपैकी एक होईल.

दोन्ही बिंदू एकदम जुळले, तर नशीब चांगलं. दोन चित्रं एकाच जागी उभं राहून, एकाच दिशेला बघून काढली असतील आणि फक्त लेन्सचा कोन वेगळा असेल, तर त्यांच्यातला फरक नुसता लहान-मोठेपणाचा असतो. तो असा निघतो. बाहेर आलेली कड क्रॉप करा आणि पुढच्या कामाला लागा.

जवळचा-दूरचा भेद न करता चित्राची एक बाजू सुटतेय, किंवा रेंडरमधल्या उभ्या भिंती सरळ आणि लाइनमधल्या वर जाताना आत झुकताहेत. म्हणजे डोळ्याची जागा तीच, पण बघण्याची दिशा थोडी फिरलीय, किंवा एकात टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह (उभ्या कडा सरळ उभ्या ठेवणारा पर्याय) चालू होता आणि दुसऱ्यात नव्हता. तत्त्वतः हे डिस्टॉर्टने चार कोपरे ओढून निघतं आणि घाईत मीही तेच करतो. पण मॉडेल हाताशी असेल तर पुन्हा एक्स्पोर्ट करणं जास्त लवकर होतं.

तिसरा प्रकार वाईट. गेट जुळवलं की टाकी सुटते, टाकी जुळवली की गेट. तोकडी चादर अंगावर ओढावी तसं, डोकं झाकलं की पाय उघडे. (सोलापुरी चादर एवढी तोकडी नसते, हे आम्ही अभिमानाने सांगतो.) याचा अर्थ डोळ्याची जागाच हलली आहे. तुम्ही एक पाऊल उजवीकडे सरकलात की जवळचा खांब खूप सरकतो आणि दूरची टाकी जेमतेम. हा फरक प्रत्येक वस्तूच्या अंतरावर अवलंबून असतो आणि सपाट चित्राला अंतर ठाऊक नसतं. त्यामुळे स्केल, डिस्टॉर्ट, पपेट वॉर्प यांतलं काहीही लावा, ते कधीही पूर्ण जुळणार नाही. वॉर्पने ओढून बसवलेल्या लाइनमध्ये सरळ बीम किंचित वाकतो, आणि ज्युरीतल्या बाईंची नजर नेमकी तिथेच पडते. इथे फोटोशॉप बंद करायचं.

मॉडेलकडे परत

स्केचअपमध्ये सीन, म्हणजे कॅमेऱ्याची जतन केलेली जागा, केलेला आहे का? नसेल तर दोष सापडला. माउसचं चाक जरासं फिरलं तरी डोळा पुढे-मागे सरकतो. सीन करा, त्यात कॅमेरा जतन होतोय ना ते बघा, आणि रेंडर काढण्याआधी व लाइन एक्स्पोर्ट करण्याआधी अशा दोन्ही वेळा त्याच सीनच्या टॅबवर क्लिक करा. एनस्केपच्या खिडकीत फिरत फिरत आवडलेल्या जागी थांबून रेंडर काढलं असेल, तर ती जागा स्केचअपला माहीत नसते. दोन्ही दृश्यं जोडलेली ठेवा, किंवा ती जागा सीन म्हणून उतरवून घ्या.

मग रेंडरच्या बाजूने बघा. व्ही-रेच्या कॅमेऱ्यात लेन्सचं डिस्टॉर्शन दिलं असेल तर सरळ कडा वाकतात. स्केचअपची लाइन कायम सरळ, जुळणार कशी? डेप्थ ऑफ फील्डमुळे पुढची झाडं धूसर होतात आणि त्यांच्यावर सुईसारखी रेषा विचित्र दिसते. हे सगळं बंद करून रेंडर काढा. धूसरपणा हवाच असेल तर तो लाइन बसवल्यावर बघता येतो.

तारखाही बघा. रेंडर सोमवारचं आणि लाइन गुरुवारची असेल, आणि मध्ये सरांनी छज्जा नऊ इंच बाहेर काढायला सांगितला असेल, तर सगळं चित्र जुळून फक्त छज्जा सुटेल. एकच वस्तू सुटत असेल तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका, मॉडेल बदललंय.

झाडं हा वेगळाच ताप. व्ही-रेची प्रॉक्सी झाडं (मॉडेलमध्ये खऱ्या झाडाच्या जागी ठेवलेली हलकी नक्कल) लाइनमध्ये डबे किंवा त्रिकोणांचा गुंता म्हणून उतरतात, रेंडरमध्ये मात्र पानं असतात. झाडं, गवत, माणसं, गाड्या यांचा टॅग लाइनच्या सीनमध्ये बंद ठेवा. झाडांना रेषा हव्या असतील तर हाताने काढा, दिसतातही छान. लाइनच्या स्टाइलमधलं एक्स्टेन्शन आणि जिटर जुळणी तपासताना बंद ठेवा. ते रेषा मुद्दाम कोपऱ्याबाहेर नेतात आणि थरथरवतात, मग दोन-तीन पिक्सेलचा फरक खरा की स्टाइलचा, ते कळत नाही.

रेंडरमध्येच रेषा काढायची सोयही असते. एनस्केपमध्ये आउटलाइन्सचा सरकता काटा आहे, व्ही-रेमध्ये टून किंवा कंटूर आहे. कॅमेरा एकच असल्याने जुळणीचा प्रश्नच मिटतो. तरी माझं मत वेगळ्या लाइनच्या बाजूनेच आहे. वेगळा लेयर असला की कुठे फिकी, कुठे गडद हे नंतर ठरवता येतं. रेंडरमध्ये पक्की झालेली रेषा नंतर हलवता येत नाही.

प्लॅन आणि एलिव्हेशन

ऑटोकॅडचा प्लॅन रेंडरच्या टॉप व्ह्यूवर बसेना, मध्ये जुळतो आणि कडेच्या भिंती बाहेर झुकतात. कारण रेंडर पर्स्पेक्टिव्हमध्ये आहे. कॅमेरा पॅरलल प्रोजेक्शनवर (यात दूरची वस्तू लहान होत नाही) घेऊन पुन्हा काढा. प्लॅनवर पर्स्पेक्टिव्ह कधीच बसत नाही.

पीडीएफ उघडताना फोटोशॉप 'क्रॉप टू' विचारतं. तिथे 'बाउंडिंग बॉक्स' असेल तर फक्त रेषा असलेला भाग कापून घेतला जातो आणि कागदाचं मूळ माप जातं. 'मीडिया बॉक्स' निवडा. प्लॉट करताना 'फिट टू पेपर' काढून ठरावीक स्केल द्या. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ड्रॉइंगभोवती एक आयत काढा आणि तोच आयत मॉडेलमध्येही ठेवा. दोन आयत जुळले की आतलं सगळं जुळतं, मग आयत पुसून टाका.

जाळी, पत्रा आणि पाण्यातलं प्रतिबिंब

जुन्या गिरणीच्या जागेवरचे प्रकल्प आमच्याकडे दरवर्षी येतात. नॉर्थ-लाइट, म्हणजे करवतीच्या दातांसारखं छप्पर, त्यावर पन्हळी पत्रा, आणि मॉडेलमध्ये प्रत्येक पन्हळ काढलेली. लाइन एक्स्पोर्ट केली की दूरचं छप्पर म्हणजे काळा डाग. रेषा एका पिक्सेलपेक्षा जवळ आल्या की एकमेकींत मिसळतात, आणि थोड्या लांब असतील तर झूमबरोबर लाटांसारखे पट्टे हलताना दिसतात. लाइन फिकी करून हे जात नाही. पत्र्याचा आणि जाळीचा टॅग बंद करून एक लाइन काढा, तो टॅग चालू ठेवून दुसरी काढा. दुसरीला मास्क लावून फक्त जवळच्या छपरावर दाखवा, तीही फिकी.

सिद्धेश्वर तलावाच्या काठावरचं काही असेल तर "पाण्यातल्या प्रतिबिंबाला रेषा का नाहीत?" हा प्रश्न येतो. लाइनमध्ये प्रतिबिंब नसतंच, तो दोष नाही. वरची लाइन उलटी करून खाली चिकटवण्याचा मोह होतो. पण ती फक्त डोळा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर असेल तेव्हाच बसते. घाटाच्या वरच्या पायरीवरून बघताय तर मॉडेलचीच उलटी प्रत पाण्याखाली ठेवून लाइन काढावी लागेल. माझ्या मते पाण्यावर रेषा नकोतच.

रेषा किती काळी, किती जाड

काळ्या रेषांची ऑपॅसिटी १०० टक्के ठेवली की रेंडर रंगवायच्या वहीसारखं दिसतं. मी साधारण ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान थांबतो. शुद्ध काळ्याऐवजी रेंडरच्या सावलीतला गडद रंग घेतो. त्यासाठी लाइनच्या वर सॉलिड कलरचा लेयर क्लिप करून त्याचा मोड 'स्क्रीन' करायचा. काळं होतं तिथे तो रंग येतो, पांढरं पांढरंच राहतं. मागे जाणाऱ्या रेषा ग्रेडियंट मास्कने फिक्या करा. कलर करेक्शनचे लेयर लाइनच्या खाली ठेवा, नाहीतर रेंडर उजळताना रेषाही उडतात.

जाडी ठरवताना प्रिंट डोळ्यासमोर ठेवा. ३०० पीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल) एक पिक्सेल म्हणजे सुमारे ०.०८५ मिलिमीटर. इतकी रेषा कागदावर असून नसल्यासारखी. पाव मिलिमीटरची रेषा हवी तर तीन पिक्सेल लागतात. ए३ ला ३०० पीपीआयने ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल होतात. तेवढ्या मोठ्या मापाने एक्स्पोर्ट करताना रेषा त्या प्रमाणात बारीक पडते, म्हणून एक्स्पोर्टच्या पर्यायांत रेषेची जाडी वाढवायची सोय वापरा. उशीर झाला असेल तर लाइनच्या लेयरला 'मिनिमम' फिल्टर लावा, काळं जाड होतं. पण कोपरे बोथट होतात, एका पिक्सेलपेक्षा पुढे जाऊ नका.

फ्लेक्सवर जाणार असेल तर आधी छापणाऱ्याला रिझोल्यूशन विचारा. ७२ पीपीआयवर एकच पिक्सेल ०.३५ मिलिमीटर होतो. तिथे नाजूक रेषेची चैन नाही, थोड्या आणि ठळक रेषा ठेवा. पूर्ण शीट छापण्याआधी ए४ चा एक तुकडा खऱ्या मापात छापून बघा. त्याला लागतात ते किरकोळ पैसे, आणि पूर्ण ए१ पुन्हा छापायला लागतात ते नव्हेत.

कधी थांबायचं

जवळ-दूरच्या तपासणीत तिसरा प्रकार निघाला आणि मॉडेल तुमच्याकडे नाही, तर थांबा. फोटोशॉप येणारा कितीही तयारीचा माणूस आणला तरी उपयोग नाही. मॉडेल ज्याच्याकडे आहे त्या व्हिज्युअलायझरकडेच, म्हणजे रेंडर काढणाऱ्याकडेच, जावं लागेल.

लाइन रेंडरवर न बसवता साइटच्या खऱ्या फोटोवर बसवायची असेल, तर कॅमेऱ्याची जागा, उंची आणि लेन्स फोटोवरून शोधून काढावी लागते. साध्या चौकोनी इमारतीला स्केचअपचं मॅच फोटो पुरतं. पण गल्लीतला, मोबाइलच्या वाइड लेन्सने काढलेला, कडा वाकलेला फोटो असेल तर हे काम करणाऱ्याकडे द्या.

पुस्तिका ऑफसेटवर छापणार असाल तर सीएमवायके करताना काळी रेषा चार शाईंत विभागली जाते आणि प्लेट किंचित हलली की रेषेला रंगीत कड येते. रेषा फक्त काळ्या शाईत ठेवण्याचं काम प्रेसच्या प्री-प्रेसवाल्याला करू द्या. त्यासाठी लेयर वेगळे ठेवलेली फाइल द्या, सपाट केलेली नको.

आणि या चित्रावर मापं लिहायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. पर्स्पेक्टिव्हवरच्या रेषेवरून फूटपट्टीने माप निघत नाही. माप हवं असेल तर आर्किटेक्टकडून डायमेन्शन टाकलेलं ड्रॉइंग मागवा.

व्हिज्युअलायझरकडे जाताना "लाइन बसेना" एवढंच सांगू नका. मूळ मॉडेलची फाइल, सीनचं नाव, रेंडरची पिक्सेलमधली रुंदी आणि उंची, टू-पॉइंट चालू होता की बंद, आणि रेंडरची कच्ची फाइल न्या, रंग चढवलेली नको. पेनड्राइव्हवर न्या. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट दाखवलात तर तोही पहिल्यांदा हेच सगळं मागेल.